दोन हजार पानं जपण्याचा हिशेब

घरातली कागदपत्रं स्कॅन करून कायमची जपायची ठरवली की पहिला प्रश्न हमखास एकच येतो: फॉरमॅट कुठला? त्यावर घरोघरी आठवडेच्या आठवडे काथ्याकूट चालतो. खरं तर या सगळ्या व्यवहारात फॉरमॅट ही एकच गोष्ट फुकट मिळते. पैसे जातात ते टाचण्या काढण्यात, दुमडलेली पानं सरळ करण्यात, फायलींना नावं देण्यात, म्हणजे माणसाच्या वेळेत. आणि पुढची वीस वर्षं तो साठा एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवत राहण्यात. म्हणून फॉरमॅट असा घ्यावा की नंतरची ही हलवाहलव स्वस्त पडेल. जुना, सर्वांना ठाऊक असलेला, कुठल्याही यंत्रावर उघडणारा.

हिशेबासाठी एक साधं घर धरू. गावाकडच्या जमिनीचे जुने सातबारे नि फेरफार, एक-दोन खरेदीखतं, घरगुती वाटणीचा कागद, फ्लॅटचा करारनामा आणि इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, विम्याच्या पॉलिसी, गुणपत्रिका, जन्ममृत्यूचे दाखले, आजोबांच्या पेन्शनचं पुडकं, दवाखान्याच्या फायली. दोन हजार पानं सहज भरतात. खालचे आकडे या दोन हजार पानांचे आहेत. दर ढोबळ आहेत. शहर आणि दुकान बदललं की तेही बदलतील.

आधी चाळणी मारा. जे कागद सरकारदरबारी थोड्या पैशांत पुन्हा मिळतात, त्यांच्यावर श्रम घालवू नका. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत महाभूमीच्या संकेतस्थळावरून उतरवता येतो. दस्त नोंदणीकृत असेल तर त्याची प्रत दुय्यम निबंधकाच्या दप्तरी असते, तिची नक्कल शुल्क भरून मिळते. घरगुती वाटणीचा हाताने लिहिलेला कागद, पागडीच्या खोलीच्या भाडेपावत्या, जुनं रेशनकार्ड, सावकाराची फेडीची चिठ्ठी हे मात्र एकदा गेले की गेले. सुरुवात तिथून करावी. बिलं आणि एटीएमच्या पावत्या थर्मल कागदावर छापलेल्या असतात, त्या दोन-तीन वर्षांत कोऱ्या होतात. लागणार असतील तर आजच स्कॅन करा.

पीडीएफ, पण 'ए'वाली

सरळ उत्तर हे: पीडीएफ/ए. साधी पीडीएफ अडोबीने १९९३ मध्ये आणली आणि २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. पीडीएफ/ए हे तिचंच सोवळं रूप. आयएसओ १९००५ हा त्याचा मानक क्रमांक. पहिला भाग २००५ मध्ये आला, पुढचे २०११, २०१२ आणि २०२० मध्ये. नियम कडक आहेत. पान दाखवायला जे जे लागतं ते सगळं त्या फाइलच्या पोटात हवं: फॉन्ट, रंगांची माहिती, सगळं. पासवर्ड चालत नाही. आवाज, व्हिडिओ, आतून चालणारे छोटे प्रोग्रॅम चालत नाहीत. बाहेरच्या कशावरही ती विसंबून राहत नाही, म्हणूनच वीस वर्षांनी भलत्याच यंत्रावर उघडली तरी पान जसंच्या तसं दिसतं.

फॉन्टचा हा नियम मराठी माणसाला इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त कामाचा आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं आपल्याकडचं सगळं डीटीपी पेजमेकरमध्ये श्री-लिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांवर झालं. कुलवृत्तांत, संस्थांच्या स्मरणिका, मंडळांच्या घटना, सोसायट्यांची इतिवृत्तं, सगळं तसंच साठवलेलं. या फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. कुठे अर्धा 'श', कुठे काना, कुठे रफार. तो फॉन्ट यंत्रात नसेल तर फाइल उघडल्यावर पानभर रोमन अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं आणि मध्येच पौंडाचं चिन्ह. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७ ही २००१ मधली. नव्या संगणकावर ती फाइल मुळात उघडतच नाही. कुलवृत्तांताची मूळ सीडी कपाटात सुखरूप आहे असं समजून स्वस्थ बसलेली मंडळी बरीच असतील. त्यांनी ती एकदा उघडून पाहावी.

अशी फाइल निघाली तर जुना संगणक अजून राखून ठेवलेला एखादा मुद्रणालयवाला गाठा. मूळ फॉन्टसह तिथेच पीडीएफ काढून घ्या आणि मजकूर युनिकोडमध्येही मागून घ्या. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारी साधनं फुकट आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार यांत ती चुकतात. खरा खर्च मुद्रितशोधनाचा. दोनशे पानांच्या कुलवृत्तांताला ते नीट करायचं तर काही हजार रुपये धरा, किंवा घरातल्या निवृत्त शिक्षकांना कामाला लावा.

पीडीएफ/एचे उपप्रकार पाहून घाबरायचं कारण नाही. स्कॅन केलेल्या पानांना '२बी' पुरतो: पान जसं आहे तसं दिसेल, एवढीच हमी. टाइप केलेल्या मराठी मजकुराला '२यू' घ्या. त्यात मजकूर युनिकोडमध्ये असल्याची हमी असते, म्हणजे 'गहाणखत' शोधलं की गहाणखत सापडतं. जुन्या फॉन्टातली 'बी' फाइल दिसायला सुरेख असते आणि शोधायला गेलं की मुकी. '३' या प्रकारात कुठलीही फाइल आत जोडता येते. ती सोय कंपन्यांच्या बिलांसाठी ठीक. घरच्या साठ्यात ती नकोच.

या सगळ्याचा खर्च शून्य. लिबरऑफिस फुकट आहे आणि पीडीएफ काढताना त्यात 'आर्काइव्हल'ची खूण असते. वर्डमध्येही पीडीएफ साठवताना ऑप्शन्समध्ये पीडीएफ/एची चौकट आहे. स्कॅन केलेल्या पानांसाठी 'ओसीआर-माय-पीडीएफ' नावाचं फुकट साधन आहे. ते टेसरॅक्टच्या मदतीने छापील मराठी वाचतं, तो मजकूर चित्रामागे दडवतं आणि फाइल आपसूक पीडीएफ/ए करून देतं. ते काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवावं लागतं, तेवढी सवय असलेलं कोणीतरी घरात हवं. हस्ताक्षर त्याला वाचता येत नाही, मोडीचा तर प्रश्नच नाही. फाइल खरोखर नियमात बसते का, हे 'व्हेरा-पीडीएफ' तपासून देतं, तेही फुकट. एवढ्यासाठी महागड्या सॉफ्टवेअरची वर्गणी कोणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा.

मग टिफ कशाला? टिफमध्ये चित्राचा एकही ठिपका गाळला जात नाही, म्हणून मोठी ग्रंथालयं मूळ प्रत टिफमध्ये ठेवतात. पण ए-४ आकाराचं एक रंगीत पान ३०० डीपीआयला न दाबता सुमारे २६ एमबी होतं. दोन हजार पानांचे ५२ जीबी. त्याच पानांची जेपीईजी दाबणीची पीडीएफ पानाला साधारण एक एमबी धरली तर सगळा साठा २ जीबीत बसतो. घरच्या वापराला या दोन प्रतींतला फरक डोळ्यांना दिसत नाही. मोडी कागद, पणजोबांची सनद, जुने फोटो अशी पन्नासेक पानं असतील तर तेवढीच ६०० डीपीआयला टिफमध्ये घ्या. ती ५ जीबीच्या आसपास जातील.

रंगीत घ्या, पाठही घ्या

दुकानदार विचारतो, 'ब्लॅक अँड व्हाइट चालेल ना?' नाही चालणार. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपका एकतर काळा, नाहीतर पांढरा. तलाठ्याचा फिकट जांभळा शिक्का, समासातली पेन्सिलची खूण, लाल शाईतली दुरुस्ती, सगळं पांढऱ्यात जातं. फाइल दहापट लहान होते हे खरं, पण २ जीबीच्या जमान्यात ती काटकसर फुकाची आहे.

त्यात आणखी एक भय आहे, आणि ते आकड्यांचं आहे. २०१३ मध्ये जर्मनीतल्या डेव्हिड क्रिझेल या संगणकतज्ज्ञाने एका बांधकाम नकाशाचं प्रकरण उघड केलं. झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर नकाशा स्कॅन केला होता. मूळ कागदावर तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती आणि स्कॅनमध्ये तिन्ही खोल्यांवर १४.१३ चौरस मीटर असं अगदी सुबक छापलेलं होतं. 'जेबिग-२' ही दाबण्याची पद्धत एकसारखे दिसणारे आकार शोधून एकाच्या जागी दुसरा बसवते. त्या भरात ६ चे ८ झाले. पान अस्पष्ट झालं असतं तर कोणाला तरी शंका आली असती, इथे तर अक्षर स्वच्छ होतं. कंपनीने पुढे दुरुस्ती काढली. आपल्याकडे गट क्रमांक, हिस्सा, हेक्टर-आर आणि आणेवारी हाच ज्या कागदाचा जीव, त्याला ही दाबणी लावायची नाही. यंत्राच्या सेटिंगमध्ये जेबिग-२ किंवा 'अतिलघु फाइल' असं काही चालू असेल तर बंद करा. एजन्सीला काम देत असाल तर हे लेखी घ्या.

मजकुराला ३०० डीपीआय पुरे. बारीक छपाईच्या विमा पॉलिसीला ४००, फोटोला ६००. याच्या वर जाणं म्हणजे कागदाचे तंतू मोजणं.

आणि पाठ. जुना मुद्रांक कागद उलटा करून पाहा: मुद्रांक विक्रेत्याने विक्रीचा अनुक्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि आपली सही तिथे केलेली असते. नोंदणी झालेल्या दस्ताच्या पाठीवर दस्त क्रमांकाचे शिक्के आढळतात. वाद निघाला की वकील आधी ती बाजू मागतात, आणि स्कॅनिंगवाला नेमकी तीच 'कोरी' म्हणून सोडून देतो. पान कोरं असलं तरी घ्या. दोन हजारांत शे-दोनशे पानं जास्त होतील, बिघडत काही नाही.

स्कॅन कोण करणार?

झेरॉक्सच्या दुकानात पानाला ५ ते १० रुपये, म्हणजे दोन हजार पानांचे १० ते २० हजार. शिवाय खरेदीखत अनोळखी माणसाच्या संगणकावर राहून जातं ते वेगळंच. ठोक काम करणाऱ्या एजन्सीचा दर पानाला दीड-दोन ते चार रुपयांच्या घरात असतो, पण घरगुती दोन हजार पानांना त्या फारशा उत्सुक नसतात. सोसायटीची किंवा ट्रस्टची वीस-तीस हजार पानं असतील तर त्यांना जरूर बोलवा. फायलींना नावं देण्याचा दर वेगळा असतो, तो आधी विचारा. 'स्कॅन ००१, स्कॅन ००२' अशी दोन हजार नावं घेऊन घरी आलात तर निम्मे पैसे पाण्यात.

बांधकामाचे मोठे नकाशे साध्या स्कॅनरवर मावत नाहीत. ते प्लॅनच्या प्रती काढणाऱ्या दुकानात न्यावे लागतात आणि तिथे दर आकारमानावर लागतो.

घरी करायचं तर सपाट काचेचा स्कॅनर ५ ते ७ हजारांत येतो. पान ठेवा, झाकण लावा, उचला: पानाला अर्धं मिनिट धरलं तर दोन हजार पानांना सतरा तास. दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी बसून होण्याजोगं काम आहे. पानं आपोआप ओढणारे स्कॅनर २० हजारांच्या पुढे सुरू होतात. ते मजबूत ए-४ पानांना उत्तम. साठीतला, घड्यांवर विरलेला सातबारा त्यात घालाल तर दोन तुकडे होऊन बाहेर येईल.

मोबाइलच्या ॲपची टर उडवण्याचं कारण नाही. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ए-४ पान भरून आलं तर ३०० डीपीआयच्या जवळपास तपशील मिळतो. फक्त 'सुधारणा' करणारा फिल्टर बंद करा, कारण पान पांढरं दिसावं म्हणून तो फिकट शिक्के पुसतो. पावत्या, बिलं, दवाखान्याचे कागद मोबाइलवर; मालमत्तेचे कागद काचेवर. या वाटणीने खर्च बराच उतरतो.

नाव देताना तारीख पुढे, वर्षापासून: '१९८७-०५-१२ खरेदीखत गट २१४'. अशा फायली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. देवनागरी नावं चालतात, पण जुन्या झिप साधनांत ती कधीकधी बिघडतात. झिप न करता तशीच ठेवा.

ठेवायचं कुठे?

२ जीबी हा आकडा इथे कामाला येतो. गुगलच्या खात्यात १५ जीबी फुकट मिळतात, म्हणजे टिफची पन्नास पानं धरूनही सगळं त्यात बसतं. १०० जीबीची वर्गणी वर्षाला १,३०० रुपयांच्या आसपास, वीस वर्षांचे २६ हजार. ती फोटोंसाठी भरत असाल तर ठीक, नुसत्या कागदांसाठी भरू नका. मात्र एक नियम माहीत असू द्या. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल बंद करून त्यातला मजकूर पुसू शकतं, २०२३ च्या डिसेंबरपासून तसं सुरू झालं. खात्याच्या सेटिंगमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. तिथे मुलाचं किंवा भावाचं नाव घालून ठेवा. वडिलांच्या माघारी पासवर्ड शोधत बसण्यापेक्षा ही पाच मिनिटं आजच काढलेली बरी.

दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. एक टीबीची साधारण ५ हजारांना पडते आणि पाच वर्षांनी बदलायची असं धरून चाला, भले ती चालू असो. वीस वर्षांत चार डिस्क, २० हजार. आधीच फोटोंसाठी डिस्क असेल तर हा खर्च कागदांच्या नावावर मांडायचा नाही. तिसरी प्रत दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा मामाकडे, पाचशे रुपयांच्या पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्हमधला मजकूर सूक्ष्म विद्युतभारावर टिकलेला असतो आणि तो भार ओसरत जातो, म्हणून दोन-तीन वर्षांनी नवा घेऊन पुन्हा भरायचा. दुसऱ्या गावाचा आग्रह का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. कपाटातला कागद आणि टेबलावरची डिस्क एकाच पाण्यात बुडतात. २१ जून २०१२ च्या आगीत खुद्द मंत्रालयातल्या फायली जळाल्या, तिथे आपल्या माळ्याची काय कथा.

डीव्हीडीचा नाद सोडा. साध्या डीव्हीडीतला रंगाचा थर उडतो, आणि नव्या लॅपटॉपला ती घालायला फटच नसते. हजार वर्षं टिकण्याचा दावा करणारी एम-डिस्क मिळते, पण ती लिहायचं यंत्र वेगळं लागतं आणि हजार वर्षांनी वाचायचं यंत्र कोण देणार, हे तिच्या खोक्यावर लिहिलेलं नाही. टेप आणि मायक्रोफिल्म ही संस्थांची कामं. नीट धुतलेली, नीट साठवलेली चांदीची मायक्रोफिल्म पाचशे वर्षं टिकेल असं मानतात आणि ती वाचायला भिंग आणि उजेड एवढंच लागतं; पण दोन हजार पानांसाठी तो मार्ग धरणं म्हणजे हौस.

डिजिलॉकरही जरूर वापरा. २०१५ पासूनची ही सरकारी सोय फुकट आहे. पण त्यातले दोन कप्पे वेगळे ओळखा. संबंधित खात्याने थेट पाठवलेले कागद कायद्याने मुळाबरोबरीचे मानले जातात. तुम्ही स्वतः चढवलेला स्कॅन हा तुमचा स्कॅनच राहतो आणि त्याला १ जीबीची मर्यादा आहे.

डिजिटल सही असेल तर हात लावू नका

वरचं सगळं कागदावरून घेतलेल्या चित्रांना लागू. डिजिटल सहीचा सातबारा, ई-आधार, ई-पॅन यांना पीडीएफ/ए करण्याच्या फंदात पडू नका. सही त्या फाइलच्या अक्षरन् अक्षराला बांधलेली असते; रूपांतर केलं किंवा पुन्हा 'प्रिंट टू पीडीएफ' केलं की सही जाते आणि हाती नुसतं चित्र उरतं. उतरवलेली मूळ फाइल तशीच ठेवा. ई-आधारला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. बँकेच्या विवरणांचे पासवर्ड असेच काहीतरी असतात. ते एका कागदावर लिहून फाइलीत ठेवा, नाहीतर वारसांची पंचाईत.

मूळ कागद फेकायचा नाही

स्कॅन झालं की रद्दी, असं करू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा मृत्युपत्राला लागूच होत नाही. तिथे शाईच्या सहीचा कागदच हवा. इतर कागदांचा स्कॅन कोर्टात द्यायचा तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ खरेदीखत हरवलं तर पोलिसात तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, वकिलाची फी, नकलेचं शुल्क. वर फ्लॅट विकताना गिऱ्हाईक भाव पाडून मागतं ते निराळंच.

मुळाची निगा स्वस्त आहे. लॅमिनेशन मात्र करू नका. पानाला वीस-तीस रुपये देऊन आपण कागद उष्णतेने प्लॅस्टिकात कायमचा चिकटवतो. तो पुन्हा सोडवता येत नाही आणि शिक्क्याचा उठाव, कागदाचा पोत तपासायला उरत नाही. चिकटपट्टीही नको, तिचा डिंक पिवळा पडून अक्षरं खातो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांना झेरॉक्सची शाई चिकटून येते. आम्लविरहित कागदाचं फोल्डर किंवा पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट घ्या, महत्त्वाच्या पन्नास कागदांना हजार-दीड हजारात काम होतं. टाचण्या काढा, घड्या उघडा, आडवं ठेवा, आणि कपाट भिंतीला टेकवू नका. वाळवी आणि ओल दोन्ही भिंतीतूनच येतात.

बँकेतला लॉकर घ्यायचा तर लहान लॉकरचं वार्षिक भाडं दीड-दोन हजारांपासून, वर जीएसटी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. पूर आणि भूकंप त्यात येत नाहीत. त्यामुळे नदीकाठच्या गावात लॉकर घेताना भाड्याआधी तिजोरी कुठल्या मजल्यावर आहे ते विचारा, आणि तळघरात असेल तर दुसरी शाखा बघा.